तारीख आकाशाची, तारीख माणसाची

माझ्याकडे एक वही आहे. डाव्या पानावर आकाशात घडणाऱ्या गोष्टी लिहितो: ग्रहणं, उल्कावर्षाव, एखादा धूमकेतू. उजव्या पानावर अंतराळ मोहिमा. डावं पान शाईनं लिहिलेलं, उजवं पेन्सिलनं. डाव्या पानावर आजवर फारशी खाडाखोड झालेली नाही. उजव्या पानाचा कागद मात्र खोडरबरनं घासून घासून इतका पातळ झालाय, की पाठीमागची अक्षरं दिसतात. तिथल्या एका ओळीत आधी २०१८ होतं, मग २०२०, मग २०२२. आता २०२८ आहे. ती ओळ आहे मंगळावर जाणाऱ्या ‘रोझालिंड फ्रँकलिन’ या युरोपीय गाडीची. तिच्याकडे पुढे येऊच.

येत्या चार-पाच वर्षांत बघण्यासारखं इतकं काही आहे, की नुसती यादी दिली तरी लेख भरेल. पण याद्या कुठेही मिळतात. मला जास्त मजा वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. काही तारखा सेकंदापर्यंत पक्क्या असतात, काही महिन्यामहिन्यानं पुढे जातात, आणि काही हुकल्या की थेट सव्वीस महिन्यांनीच परत येतात. असं का? हे एकदा कळलं, की ‘अमुक यान अमुक दिवशी झेपावणार’ ही बातमी कितपत मनावर घ्यायची याचा अंदाज येतो.

शाईनं लिहिलेलं पान

डाव्या पानावर सध्या सगळ्यांत ठळक ओळ आहे ती २ ऑगस्ट २०२७ ची. खग्रास सूर्यग्रहण. चंद्राची गडद सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून आणि मोरोक्कोवरून निघेल. मग अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन करत सोमालियाकडे उतरेल. इजिप्तमधल्या लक्सरजवळ सूर्य ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकलेला असेल. याहून लांब खग्रास ग्रहण बघायचं तर २११४ सालाची वाट बघावी लागेल.

इतकं नेमकं कसं सांगता येतं? सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मग दर अमावास्येला का होत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या थोडा वरून किंवा थोडा खालून निघून जातो. या दोन कक्षा एकमेकींना दोनच ठिकाणी छेदतात. त्या बिंदूंना पातबिंदू म्हणतात, आणि त्यांची जुनी नावं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत: राहू आणि केतू. सूर्य गिळणारे राक्षस म्हणून ते प्रसिद्ध झाले खरे, पण ज्योतिर्गणितात ते कायम दोन बिंदूच होते. अमावास्येला चंद्र राहू किंवा केतूजवळ असला, तरच ग्रहण.

म्हणजे एकाच वेळी तीन चाकं फिरताहेत. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९.५३ दिवस. त्याच पातबिंदूपाशी परत यायला २७.२१ दिवस. आणि चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर कमीजास्त होत असतं, त्यामुळे सर्वांत जवळच्या जागी परत यायला २७.५५ दिवस. पहिल्या चाकाचे २२३ फेरे, दुसऱ्याचे २४२ आणि तिसऱ्याचे २३९ जवळजवळ एकाच वेळी पुरे होतात. तो काळ भरतो १८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तास. त्याला ‘सारोस’ म्हणतात. बॅबिलोनच्या लोकांना हा आकडा दोन हजार वर्षांपूर्वीच सापडला होता, तोही मातीच्या पाट्यांवर पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवून.

आता हिशेब स्वतःच करून बघा. २२ जुलै २००९ ला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. या शतकातलं सर्वांत लांब, ६ मिनिटं ३९ सेकंदांचं. त्यात १८ वर्षं मिळवा, आले २२ जुलै २०२७. अकरा दिवस मिळवा, आले २ ऑगस्ट. झालं. दुर्बीण लागली नाही, संगणक लागला नाही. (फेब्रुवारीच्या २९ तारखा मध्ये किती आल्या, यावर अकराचे कधी दहा होतात, पण ते सोडा.)

उरलेल्या ८ तासांची गंमत वेगळी. तेवढ्या वेळात पृथ्वी एक-तृतीयांश फिरते, म्हणून त्याच मालिकेतलं पुढचं ग्रहण जगाच्या तेवढ्याच अंतरावरच्या पश्चिमेकडल्या भागात दिसतं. १९९१ मध्ये ते हवाई आणि मेक्सिकोत होतं, २००९ मध्ये भारत, चीन आणि पॅसिफिक महासागरावर, २०२७ मध्ये उत्तर आफ्रिकेत. तीन उड्या झाल्या की एक चक्कर पुरी. म्हणून याच मालिकेतलं ३० जून १९७३ चं ग्रहणही आफ्रिकेवरच होतं. त्या दिवशी शास्त्रज्ञांनी काँकॉर्ड विमानाच्या छताला खिडक्या पाडून घेतल्या आणि चंद्राच्या सावलीबरोबर शर्यत लावत तब्बल ७४ मिनिटं खग्रास स्थितीत उड्डाण केलं. जमिनीवर उभ्या राहणाऱ्याला साधारण साडेसात मिनिटांहून जास्त कधीच मिळत नाहीत.

२०२७ च्या आधी, १२ ऑगस्ट २०२६ ला एक खग्रास ग्रहण आहे: ग्रीनलंड, आइसलंड, स्पेन. जास्तीत जास्त २ मिनिटं १८ सेकंद. स्पेनमध्ये ते सूर्यास्ताच्या तोंडावर दिसणार असल्यामुळे पश्चिमेचं क्षितिज मोकळं असलेली जागा हेरावी लागेल, नाहीतर एखादी टेकडी आडवी येऊन सगळा प्रवास फुकट जायचा. २२ जुलै २०२८ चं ग्रहण ऑस्ट्रेलियात, थेट सिडनी शहरावरून, आणि पुढे न्यूझीलंडवरून जातं.

मध्ये दोन कंकणाकृती ग्रहणंही आहेत, ६ फेब्रुवारी २०२७ आणि २६ जानेवारी २०२८. सुंदर असतात, पण दोन्हींतून एक निवडायचं तर पैसे आणि रजा खग्रासासाठी राखून ठेवा. ‘९९ टक्के ग्रहण म्हणजे जवळजवळ खग्रासच की’ असं म्हणणारे भेटतात. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का उरला, तरी चार हजार पौर्णिमांचा उजेड उरतो. त्यात आकाश काळं होत नाही, तारे दिसत नाहीत, सूर्याभोवतीचं प्रभामंडल तर नाहीच. शंभराव्या टक्क्यातच सगळं आहे.

त्या शेवटच्या मिनिटात काय काय होतं बघा. सूर्याची कोर उरलेली असते आणि झाडाच्या पानांमधल्या फटींतून जमिनीवर पडणारे उन्हाचे गोल ठिपकेही कोरींसारखे होतात. सावल्यांच्या कडा विचित्र धारदार दिसू लागतात. हवा गार पडते. मग चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांतून तेवढा सूर्यप्रकाश निसटतो आणि कडेला मण्यांची माळ दिसते, त्यातला शेवटचा एकच मणी राहिला की हिऱ्याची अंगठी. तो विझला की चष्मा काढायचा. फक्त तेव्हाच. बाकी सगळा वेळ ‘आयएसओ १२३१२-२’ असं छापलेला ग्रहणचष्मा डोळ्यांवर हवा. काजळी धरलेली काच आणि एक्स-रेची फिल्म कचऱ्यात टाका.

चंद्रग्रहणांना चष्मा लागत नाही, प्रवासही लागत नाही. अर्ध्या जगाला घरबसल्या दिसतात. २०२७ मध्ये मात्र निराशा आहे: तिन्ही चंद्रग्रहणं छायाकल्प, म्हणजे चंद्र किंचित मळकट दिसतो आणि शेजाऱ्याला दाखवावं तर त्याला काही कळत नाही. भरपाई ३१ डिसेंबर २०२८ ला. आशिया, ऑस्ट्रेलिया, युरोप आणि आफ्रिकेतून दिसणारं खग्रास चंद्रग्रहण, मध्ये सुमारे ७१ मिनिटं चंद्र पूर्ण तांबडा, आणि तीही त्या महिन्यातली दुसरी पौर्णिमा. तांबडा का? पृथ्वीच्या कडेभोवती त्या क्षणी जितके सूर्योदय आणि सूर्यास्त चाललेले असतात, त्या सगळ्यांचा उजेड वातावरणातून वाकून चंद्रावर पडतो म्हणून.

‘सुपरमून’ला माझ्या वहीत जागा नाही. सर्वांत लांबच्या पौर्णिमेपेक्षा तो १४ टक्के मोठा दिसतो, पण दोन्ही शेजारी ठेवून बघता येत नाहीत. उगवता चंद्र तसाही मोठाच वाटतो.

जिथे शाई फिकट होते

आकाशातलं सगळंच घड्याळासारखं चालतं असं मात्र नाही. उल्कावर्षावाची रात्र ठरलेली असते, पण किती उल्का पडतील हे नव्हे. ऑगस्टच्या मध्यावर ययाती तारकासमूहातून येणाऱ्या उल्का ‘स्विफ्ट-टटल’ या धूमकेतूनं मागे सांडलेल्या धुळीच्या असतात. धूमकेतू स्वतः १३३ वर्षांनी एकदा येतो, शेवटचा १९९२ मध्ये येऊन गेला. पण त्यानं केलेला कचरा कक्षेत पसरलेला आहे आणि पृथ्वी दर वर्षी त्याच तारखांना त्यातून जाते. वाळूच्या कणाएवढे तुकडे सेकंदाला ५९ किलोमीटर वेगानं वातावरणात घुसतात आणि जळतात.

‘तासाला शंभर उल्का’ हा आकडा वाचलात, तर त्यामागची अट लक्षात ठेवा: आकाश पूर्ण अंधारं, आणि उल्का जिथून येताना भासतात तो बिंदू बरोबर डोक्यावर. प्रत्यक्षात चांगल्या काळोख्या जागी त्याच्या निम्म्या दिसल्या तरी नशीब, आणि शहराच्या उजेडात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. खरा शत्रू चंद्र. २०२६ मध्ये तो आपल्या बाजूनं आहे. १२ ऑगस्टला सूर्यग्रहण, म्हणजे अमावास्याच, आणि त्याच रात्री ययातीच्या उल्कांचा जोर. डिसेंबरात १३-१४ च्या रात्री मिथुनेतल्या उल्का येतात, तेव्हाही २०२६ ला चंद्रकोर लवकर मावळलेली असेल. या उल्कांचा उगम धूमकेतूतून नाही, तर ‘फेथन’ नावाच्या लघुग्रहातून होतो, ही त्यांची खासियत.

आणि एक तारा आहे, ज्यानं भल्याभल्यांना फजित केलं. भूतप आणि शौरी यांच्या मध्ये उत्तर मुकुट नावाचा ताऱ्यांचा अर्धगोल आहे. स्वातीपासून अभिजितकडे नजर नेली की वाटेत लागतो. त्यातल्या ‘टी’ नावाच्या ताऱ्यापाशी खरं तर दोन तारे आहेत: एक फुगलेला लाल तारा आणि एक पृथ्वीएवढा चिमुकला, भयंकर घट्ट श्वेतबटू. श्वेतबटू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून अंगावर चढवत राहतो. थर पुरेसा जाड आणि तप्त झाला की अणुस्फोट होतो, थर उडून जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून साठवण सुरू. दुर्बिणीतूनच दिसणारा हा तारा तेव्हा काही दिवस ध्रुवाएवढा ठळक होतो. नोंदलेले स्फोट १८६६ आणि १९४६ चे, म्हणजे ८० वर्षांचं अंतर. १९४६ च्या आधी तो जसा मंदावला होता तसा पुन्हा मंदावला, तेव्हा ‘सप्टेंबर २०२४ पर्यंत भडकेल’ असा अंदाज बांधला गेला. सप्टेंबर आला आणि गेला. अंतर सुमारे ३,००० प्रकाशवर्षं आहे, म्हणजे ज्या स्फोटाची आपण वाट बघतो, तो तिथे कधीच होऊन गेलेला आहे, बातमी तेवढी वाटेत आहे.

सव्वीस महिन्यांचा दरवाजा

आता उजवं पान. मंगळावर कधीही उठून जाता येत नाही. पृथ्वी आतल्या धावपट्टीवरची, चपळ धावपटू, सूर्याभोवती ३६५ दिवसांत फेरी मारते. मंगळ बाहेरच्या पट्टीवर, त्याला ६८७ दिवस लागतात. पृथ्वी त्याला साधारण ७८० दिवसांनी, म्हणजे सव्वीस महिन्यांनी एकदा गाठते. यान सोडायचं तर मंगळ आज कुठे आहे हे बघून चालत नाही. सात-आठ महिन्यांनी तो जिथे असेल तिथे नेम धरावा लागतो. कमीत कमी इंधनात हे जमण्याची वेळ दर सव्वीस महिन्यांनी काही आठवडे येते. म्हणून जुलै २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती, चीन आणि अमेरिका या तिघांची यानं अकरा दिवसांच्या आत निघाली. ठरवून नव्हे, सगळ्यांना दरवाजा एकच होता म्हणून.

या दरवाजाचा जाच सर्वांत जास्त सोसला तो रोझालिंड फ्रँकलिननं. मंगळाच्या जमिनीत २ मीटर खोल भोक पाडून जुन्या जीवसृष्टीच्या खुणा शोधायच्या, हे तिचं काम. इतकं खोल अजून कोणी गेलेलं नाही, आणि वरचा थर किरणोत्सारानं भाजून निघालेला असल्यामुळे खरं गुपित खालीच असणार. २०१८ हुकलं, तयारी झाली नव्हती. २०२० हुकलं, पॅराशूट चाचणीत फाटत होती. २०२२ मध्ये सगळं सज्ज होतं, पण तिला नेणारं रॉकेट आणि उतरवणारा तळ रशियाचा होता, आणि त्या वर्षी फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला. सहकार्य थांबलं. आता २०२८ मध्ये निघून २०३० मध्ये उतरण्याचा बेत आहे. दोष पॅराशूटचा असो की राजकारणाचा, दंड किमान सव्वीस महिन्यांचा.

जपानची ‘एमएमएक्स’ मोहीम मंगळाच्या फोबोस या चंद्रावरून माती आणणार आहे. तिचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात, मार्च २०२३ मध्ये, अपयशी ठरलं आणि २०२४ चा बेत २०२६ वर गेला. शुक्राचा दरवाजा थोडा लवकर उघडतो, एकोणीस महिन्यांनी. इस्रोची शुक्र मोहीम त्यातल्या मार्च २०२८ च्या संधीवर बेतलेली आहे.

दरवाजा बंद असताना निघायची एक युक्ती मात्र निघाली आहे. ‘एस्केपेड’ ही नासाची दोन छोटी जुळी यानं नोव्हेंबर २०२५ मध्ये, चुकीच्या वेळी, निघाली. ती मंगळाकडे गेलीच नाहीत. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरच्या आसपास घुटमळत राहायचं, दरवाजा उघडायच्या वेळी, नोव्हेंबर २०२६ मध्ये, पृथ्वीजवळून तिच्या गुरुत्वाचा झोका घ्यायचा आणि मग मंगळाची वाट धरायची. गाडी सुटायच्या आधीच फलाटावर येऊन बसल्यासारखं. हे रुळलं तर माझं खोडरबर वाचेल.

जवळचा ग्रह लांब का पडतो

बुधावर पोहोचायला आठ वर्षं लागतात हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. युरोप आणि जपानचं ‘बेपीकोलंबो’ ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालं आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाभोवती फिरू लागेल. अडचण अंतराची नाहीच, वेगाची आहे. सूर्याच्या दिशेनं जाणं म्हणजे उतारावरून घसरणं. वेग वाढत जातो, आणि बुध लहानसा, त्याची ओढ तोकडी, भरधाव यानाला तो धरून ठेवू शकत नाही. ब्रेक मारायला इंधन न्यावं, तर यान मुंगीएवढं आणि टाकी हत्तीएवढी होईल. म्हणून ग्रहांचाच ब्रेक म्हणून वापर करायचा. ग्रहाजवळून योग्य बाजूनं गेलं की त्याचं गुरुत्व यानाची थोडी गती काढून घेतं किंवा देतं. बेपीकोलंबोनं पृथ्वीजवळून एकदा, शुक्राजवळून दोनदा आणि बुधाजवळूनच सहा वेळा असे नऊ फेरे मारले. मुळात ते डिसेंबर २०२५ मध्येच पोहोचायचं होतं, पण इंजिनांना पूर्ण वीज मिळेना. कमी जोरात चालवायची ठरलं, रस्ता नव्यानं आखला, अकरा महिने वाढले. अशी दुरुस्ती ऐकली की मला खाडाखोडीचा राग येत नाही.

हाच झोका उलट्या दिशेनं घेतला की गती मिळते. गुरूकडे निघालेली दोन यानं सध्या तेच करताहेत. युरोपचं ‘ज्यूस’ एप्रिल २०२३ मध्ये निघालं, ते जुलै २०३१ मध्ये पोहोचेल. अमेरिकेचं ‘युरोपा क्लिपर’ दीड वर्ष उशिरा, ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आणि एप्रिल २०३० मध्येच पोहोचेल. उशिरा निघून आधी कसं? क्लिपरला जास्त ताकदीचं रॉकेट मिळालं, त्याला मंगळ आणि पृथ्वी असे दोन झोके पुरतात. त्यातला पृथ्वीचा झोका डिसेंबर २०२६ मध्ये आहे. ज्यूसला पृथ्वीकडे आणखी दोनदा यायचंय, सप्टेंबर २०२६ आणि जानेवारी २०२९ मध्ये.

दोघांनाही बर्फाखालचे समुद्र धुंडाळायचे आहेत. क्लिपर गुरूभोवती फिरत युरोपा या चंद्राजवळून ४९ वेळा जाईल. सरळ युरोपाभोवतीच का फिरत नाही? कारण तिथला किरणोत्सार इतका तीव्र, की यानातले इलेक्ट्रॉनिक भाग फार टिकणार नाहीत. म्हणून बुडी मारायची आणि बाहेर पळायचं, बुडी मारायची आणि पळायचं. ज्यूस शेवटी गॅनिमीडभोवती मुक्काम ठोकेल. पृथ्वीचा सोडून दुसऱ्या कुठल्या चंद्राभोवती एखादं यान प्रथमच फिरेल. शनीच्या टायटनवर जाणारं ‘ड्रॅगनफ्लाय’ जुलै २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये उतरायचं आहे. आठ पंख्यांचं, मोटारीएवढं, अणुऊर्जेवर चालणारं. टायटनची हवा आपल्यापेक्षा चौपट दाट आणि गुरुत्व सातवा हिस्सा, त्यामुळे उडणं तिथे चालण्याहून सोपं.

माणूस बसला की

माणसं नेणाऱ्या मोहिमांच्या तारखा सर्वांत जास्त बदलतात, आणि बदलायलाच हव्यात. चंद्रासाठी सव्वीस महिन्यांचा दरवाजा नसतो, संधी जवळजवळ दर महिन्याला येते, त्यामुळे तारीखही महिन्यामहिन्यानं सरकते. नासाचं चंद्रयान ‘आर्टेमिस-१’ माणसांविनाच गेलं, तरी २९ ऑगस्ट २०२२ ची पहिली वेळ हुकून ते १६ नोव्हेंबरला उडालं. मधल्या एका प्रयत्नात हायड्रोजनची गळती आडवी आली. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान, साठवायचा उणे २५३ अंश सेल्सिअसला. त्या थंडीत धातू आणि रबर दोन्ही आकसतात, आणि जिथे फट नव्हती तिथे ती तयार होते. चंद्रावर शेवटचा माणूस डिसेंबर १९७२ मध्ये चालला. पुढचा कोणत्या साली, ती ओळ माझ्याकडे सगळ्यांत पुसट पेन्सिलनं लिहिलेली आहे.

‘गगनयान’ २०१८ मध्ये जाहीर झालं तेव्हा लक्ष्य २०२२ होतं. आता आधी माणसांविना चाचणी उड्डाणं, त्यात व्योममित्र हा मानवसदृश यंत्रमानव, आणि मग २०२७ च्या सुमारास माणसं, असा क्रम आहे. या मोहिमेतला एक क्षण मला फार बोलका वाटतो. २१ ऑक्टोबर २०२३, संकटात अंतराळवीरांना सोडवून आणणाऱ्या यंत्रणेची पहिली चाचणी. उलटी मोजणी पाचवर आली आणि संगणकानं ती स्वतः थांबवली. एक निरीक्षण अपेक्षेप्रमाणे नव्हतं. कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि सकाळी दहा वाजता उड्डाण झालं, तेही यशस्वी. पाच सेकंद आधी थांबता येणं हीच खरं तर त्या दिवशीची पहिली चाचणी होती.

दुर्बिणींबद्दल थोडक्यात. ‘रोमन’ या नासाच्या अंतराळ दुर्बिणीचा आरसा हबलएवढाच, २.४ मीटरचा आहे, पण एका फोटोत ती हबलच्या किमान शंभरपट आकाश टिपेल. २०२६ च्या शरदापासून मे २०२७ पर्यंत कधीही तिचं उड्डाण होऊ शकतं. युरोपची ‘प्लेटो’ २६ कॅमेरे घेऊन जाईल आणि सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखे ग्रह शोधेल.

दोन्ही पानं एका ओळीवर

कधीकधी आकाश असा एखादा दिवस देतं, की माणसानं तो गाठावा नाहीतर विसरावा. १९७० च्या दशकाच्या शेवटी गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून असे उभे होते, की एकाकडून झोका घेत दुसऱ्याकडे जाता यावं. अशी मांडणी साधारण १७५ वर्षांनी एकदा होते. ‘व्हॉयेजर’ जोडी १९७७ मध्ये निघाली ती त्यासाठीच. नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावर व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून बरोबर एक प्रकाशदिवस, म्हणजे सुमारे २,५९० कोटी किलोमीटर लांब असेल. इथून पाठवलेली आज्ञा तिथे पोहोचायला चोवीस तास, ‘पोहोचली’ हे कळायला आणखी चोवीस.

पुढचा तसा दिवस आहे १३ एप्रिल २०२९. अपोफिस नावाचा, सरासरी साडेतीनशे मीटरच्या आसपास व्यासाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. टीव्हीचे उपग्रह त्याच्याही वर, ३५,७८६ किलोमीटरवर असतात. २००४ मध्ये सापडला तेव्हा काही दिवस तो आदळण्याची शक्यता २.७ टक्के दिसत होती, आणि तेवढीही पुष्कळ होती. मग निरीक्षणं वाढली, २०२१ मध्ये रडारनं नेमकं अंतर मोजलं, आणि पुढची किमान शंभर वर्षं तो आदळणार नाही हे नक्की झालं. एवढा मोठा दगड इतक्या जवळून जाणं काही हजार वर्षांतून एकदा घडतं.

युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल, सप्तर्षीतला सर्वांत मंद तारा अत्री आहे ना, साधारण तेवढा. फक्त हा सरकत असेल. अगदी जवळ असताना मिनिटाभरात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापेल. पृथ्वीच्या ओढीनं त्याची कक्षा बदलेल, फिरण्याचा वेग बदलेल, कदाचित अंगावरचे उतार ढासळतील. लघुग्रह ताणला जाताना आतून कसा वागतो, हे बघायची ही आयती प्रयोगशाळा आहे.

उद्या खरंच एखादा दगड अंगावर आला तर काय करायचं, याचा अभ्यास आधीच सुरू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नासानं ‘डार्ट’ हे यान डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. त्या जागी आता काय उरलंय, खड्डा की विस्कटलेला ढीग, हे बघायला युरोपचं ‘हेरा’ २०२६ च्या अखेरीस तिथे पोहोचतंय. अपोफिससाठी दोन यानं आहेत. बेन्नू या लघुग्रहाची माती २०२३ मध्ये पृथ्वीवर टाकून पुढे गेलेलं नासाचं यान ‘ओसायरिस-एपेक्स’ या नव्या नावानं त्याला पृथ्वीच्या भेटीनंतर गाठेल. भेटीच्या आधीचा अपोफिस बघायचा, म्हणजे आधी आणि नंतर यांतला फरक कळेल, ते काम युरोपच्या ‘रामसेस’चं.

रामसेस एप्रिल २०२८ मध्ये निघालं, तर फेब्रुवारी २०२९ मध्ये पोहोचेल. गळती, वादळ, पॅराशूट, राजकारण, काहीही आडवं आलं तर या मोहिमेला पुढचा दरवाजा नाही. माझ्या वहीत ती ओळ पेन्सिलनं लिहिलेली आहे, आणि बरोबर तिच्यासमोर, डाव्या पानावर, शाईनं: १३ एप्रिल २०२९, वार शुक्रवार.